वनपट्टे दिले की जंगल संपतं का? किनवटकडच्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. किनवटकडच्या एका गावातला तरुण विचारायलाय की आमच्याकडं गोंड आणि कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत, शेजारीच बंजारा तांडा आहे, वनहक्काचे दावे कुणाचे मंजूर, कुणाचे नामंजूर, कुणाचे नुसतेच पडून. फॉरेस्ट गार्ड म्हणतो तुम्हाला पट्टे दिले म्हणून जंगल संपायलंय, म्हातारी माणसं म्हणतात जंगल आम्हीच राखलं, आणि खरं सांगायचं तर मागच्या काही वर्षांत गावातल्याच काहींनी नवीन झाडं पाडून कापूस लावलाय. मग आम्ही जमिनीसाठी भांडायचं का जंगल राखायचं, दोन्ही एका टायमाला होतं का?

होतं भाऊ. एक सोडून दुसऱ्याच्या मागं लागलं तरच दोन्ही हातचं जातं. मी दावेदारांच्या बाजूनं काम करतो हे आधीच सांगून टाकतो, दावे भरणं, अपिलं लिहिणं, मोजणीच्या वेळी बांधावर उभं राहणं हेच माझं काम, त्यामुळं बोलणं त्या बाजूला झुकलेलं वाटलं तर तसंच धरून वाचा. तरी पण गार्डचं सगळंच खोटं असं मी म्हणणार नाही. जंगल कमी झालंय, डोळ्याला दिसतंय. त्याचं कारण मात्र तो सांगतो ते नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं नवीन जमीन कुणालाच मिळत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन तुमच्या वहितीत होती तेवढीच, ती पण जास्तीत जास्त ४ हेक्टर, तुमच्या नावानं मान्य होते. विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, वारसाला जाते, नवरा-बायको दोघांची नावं लागतात. म्हणजे पट्टा, हा हक्काचा कागद, हातात पडल्यानं एक पण झाड पडायचं कारण नाही, तिथली झाडं जायची ती आधीच गेलेली असतात.

मग जंगल कशानं सरकायलंय? माझं मत, आणि हे मी फॉरेस्टवाल्यांसमोर पण बोलतो, की सगळ्यात जास्त नुकसान लटकलेल्या दाव्यानं होतं. ज्याचा दावा पडून आहे त्याच्या डोक्यानं जरा विचार करा. त्याची हद्द ठरलेली नाही, मग दर पेरणीला दोन तासं पुढं सरकायला त्याला अडवणार कोण, आणि आपण नाही सरकलो तर शेजारचा सरकंल ही भीती वेगळीच. कधीतरी मोजणी होणार आणि येणारा माणूस वहिती किती तेच बघणार हे त्यानं ऐकलेलं असतं. शेतात मोह असला, चारोळी असली, टेंभुर्णी असली की उपग्रहाच्या फोटोत तेवढा तुकडा हिरवा दिसतो आणि जंगल म्हणून क्षेत्रातून वजा होतो. एखाद्याचं असं झालं की बातमी पोडापोडात फिरते, आणि मग बापजाद्यानं राखलेला मोह माणूस आपल्याच हातानं साल सोलून वाळवतो, का तर पुढच्या मोजणीला रान साफ दिसावं. हे झाड कायद्यानं पाडलं नाही, पुरावा बघायच्या आपल्या पद्धतीनं पाडलं. २०१२ च्या सुधारित नियमात सरळ लिहिलंय की उपग्रहाचा फोटो बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरा, त्यांच्या बदल्यात वापरू नका. पण टेबलावर कॉम्प्युटर असला की मोहाखाली कोण जाऊन बघणार.

ह्याच्या उलट ज्याच्या हातात पट्टा आलाय त्याच्या रानात जाऊन बघा. बांध पडतो, दगडी ताल पडते, कडंला आंबा लागतो, कारण आता कोण उठवणार नाही ही खात्री झालेली असते. बांधबंदिस्तीची कामं रोजगार हमीतून निघतात, आपल्याकडं हे मागणारे फार थोडे. (बँकेचं मात्र विचारू नका. जमीन गहाण पडत नाही म्हटलं की पीककर्जाला नाही म्हणतात आणि माणूस परत सावकाराच्या दारात.) सगळेच पट्टेवाले शहाणे झालेत असं मी म्हणत नाही, पण पट्टेवाल्यानं हद्द सोडून पुढं जंगल पाडलं असं मला क्वचितच दिसलं, कारण त्याच्याकडं घालवायला काहीतरी आहे.

आता दावे लटकतात का, तर कागद. इथं मराठवाड्याची गोष्ट बाकी महाराष्ट्रापेक्षा वेगळी आहे आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. आपण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतो, आणि किनवट तालुका तर तेव्हा नांदेडात पण नव्हता, आदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामाच्या वनखात्यानं त्या पट्ट्यात राखीव जंगलाच्या रेषा ओढल्या तेव्हा गोंडांची पडीक ठेवलेली रानं त्या रेषेच्या आत गेली, डोंगरावर कुदळीनं शेती करणारे कोलाम तर पार उघड्यावर आले. कुमराम भीमचं बंड ह्याच भागातलं, १९४० ला जोडेघाटला त्याला मारलं, आणि त्यानंतरच सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाला तिकडं पाठवलं आणि पुढं गोंडांना पट्टे द्यायला सुरुवात झाली. म्हणजे वनजमिनीचा पट्टा हे काही २००६ मध्ये दिल्लीत सुचलेलं खूळ नाही, आपल्या भागात ऐंशी वर्षांपूर्वी हाच प्रश्न आला होता आणि हेच उत्तर निघालं होतं.

मग १९५६ ला सीमा बदलली. माणसं इकडं आली, पण जुनं दप्तर उर्दूत आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाचं. फसली सालात साधारण ५९० मिळवायचे, १३५५ फसली म्हणजे १९४५-४६. आता तुमच्या दाव्याच्या फायलीत बघा, मतदार यादी, रेशन कार्ड आणि लईच झालं तर एखादी घरपट्टीची पावती. आणि वनहक्काच्या नियमांतल्या नियम १३ मध्ये तर जुन्या संस्थानांचे नकाशे, हक्कनोंदी, सवलतींचे कागद हे सगळे पुरावे म्हणून मोजलेत. मागं कुणबी नोंदींच्या निमित्तानं अख्ख्या मराठवाड्याला निजामाच्या दप्तराची किंमत कळाली, गल्लीगल्लीत उर्दू-मोडी वाचणारे शोधले गेले, पण वनहक्काच्या फायलीला तोच खासरा, तीच पाहणी, म्हणजे रान कुणाच्या वहितीत होतं त्याची जुनी नोंद, लावावी हे कुणाच्या डोक्यात येईना. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल मागवा, उर्दू वाचणारा गावात नसला तर नांदेडला मिळंल.

अजून एक कागद लोक लपवून ठेवतात, दंडाची पावती. आज्याला १९८२ ला अतिक्रमण म्हणून दंड झाला, गुन्हा नोंदला, माणसाला वाटतं हे दाखवलं तर आपणच फसू. अहो, तुमचा आजा त्या साली त्या रानात होता ह्याचा सरकारनंच सही करून दिलेला पुरावा आहे तो! नियमात असं पण आहे की दंडाच्या पावत्या, अतिक्रमणदारांच्या याद्या, गुन्हा अहवाल किंवा ते नसणं, एवढ्याच जोरावर दावा फेटाळता येत नाही. जुनी विहीर, स्मशान, देवाचं ठिकाण, वंशावळ, दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, हे पण पुरावेच. एकापेक्षा जास्त जोडा, एवढंच.

तांड्याचं आता. हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि गावात भांडणं इथूनच लागायलीत. बंजारा समाज तिकडं तेलंगणात अनुसूचित जमातीत, इकडं विमुक्त जाती-भटक्या जमातीत, त्यामुळं सीमेच्या ह्या बाजूला वनहक्क कायद्यात तुम्ही इतर पारंपरिक वननिवासी. गोंड-कोलामांना २००५ च्या आधीचा ताबा दाखवला की पुरतं, तुम्हाला वर तीन पिढ्या दाखवाव्या लागतात, एक पिढी २५ वर्षांची धरून ७५ वर्षं, म्हणजे १९३० पर्यंत मागं. इथं खालचे अधिकारी एक हमखास चूक करतात, ते म्हणतात हाच तुकडा ७५ वर्षांपासून कसत असल्याचं दाखवा. तसं नाही. तीन पिढ्यांचा रहिवास आणि जंगलावरचं अवलंबन दाखवायचंय, त्या एका तुकड्याचा ताबा २००५ च्या आधीचा असला की झालं, आदिवासी मंत्रालयाचा खुलासा पण असाच आहे. तेव्हा तांड्यानं जातीच्या वादात न पडता निजामकाळातली तांड्याची नोंद शोधावी, गुरं चारायचे जुने परवाने, नायकाच्या घराण्याची वंशावळ, सेवालाल महाराजांच्या मंदिराची जागा, जे सापडंल ते. पोडावाल्यांना पण सांगतो, तांड्याचा दावा नामंजूर झाल्यानं तुमची जमीन वाढत नाही. त्या माणसाला हद्द राहत नाही आणि तो तुमच्या चराईत सरकतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वैयक्तिक दाव्यासाठी लोक मोर्चा काढतात, उपोषणाला बसतात, आणि सामूहिक दाव्याचा नमुना क कुणी भरतच नाही, कारण त्यात आपल्या नावावर काही होत नाही. खरी ताकद तर तिथंच आहे. कलम ३(१)(झ) का काय ते मराठी प्रतीत वेगवेगळं छापलेलं असतं, म्हणून अर्थ लक्षात ठेवा, गाव परंपरेनं जे जंगल वापरत आणि राखत आलंय त्याच्या हद्दीवर ग्रामसभेला संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापनाचा हक्क. आणि कलम ५ नं ग्रामसभेला असा अधिकार दिलाय की जंगलाला, वन्यप्राण्याला, पाण्याच्या उगमाला बाधा आणणारं काम ती थांबवू शकते. नवीन सागवान पाडणाऱ्याला आज गावातला माणूस काय म्हणणार, फॉरेस्टच्या जंगलात तू का बोलतोस म्हणून तोच उलटा येतो. ग्रामसभेच्या नावावर हद्द झाली की बोलायला पाय टेकायची जागा मिळते.

सामूहिक हक्क मिळाला की गाव जंगल विकून खाईल ही भीती मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलीय. चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघा, सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. तेंदूसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पाखरांना उरत नाहीत म्हणून. हातचा रोख पैसा सोडला आणि बांबूवर गाव चालवलं. कुठल्या वनाधिकाऱ्याला तेंदूचा लिलाव बंद करता आला असता सांगा. आता सगळी गावं पाचगाव होणार नाहीत, काही ग्रामसभा ठेकेदाराच्या खिशात जातात हे पण आपण बघायलोत, तरी निर्णय कुणाचा हे ठरलेलं असलं की जाब विचारता तरी येतो.

सामूहिक दाव्यात मेहनत कागदाची कमी आणि पायांची जास्त. शेजारच्या गावांना बोलावून हद्द फिरायची, कुठला नाला, कुठला टेकाड, कुठं त्यांची गुरं आपल्यात येतात आणि कुठं आपल्या बाया त्यांच्यात मोहफुलं वेचायला जातात. हे आधी नाही केलं तर मंजुरीच्या टायमाला शेजारचं गाव हरकत घेतं आणि फाईल परत लटकते. म्हातारे आणि बाया सोबत पाहिजेत, सरपंच नसला तरी चालंल. डिंक कुठं, चारोळी कुठं, कुठला झरा उन्हाळ्यात आटत नाही हे गड्यांपेक्षा बायांना जास्त माहिती. ठरावाच्या ग्रामसभेला निम्मी उपस्थिती आणि त्यात एक तृतीयांश बाया लागतात, घरोघरी सह्या फिरवून उपस्थिती दाखवू नका, पुढं कुणीतरी एक जण तक्रार करतो आणि सगळंच बाद होतं. धनगरांची मेंढरं मोसमाला तुमच्या जंगलात येत असतील तर त्यांना पण बोलवा, मोसमी चराईचा हक्क ह्याच कायद्यात आहे, त्यांना वगळून केलेली हद्द टिकत नाही.

अभयारण्याचं विचारलं नाही पण येणारच आहे म्हणून लिहितो. पैनगंगा अभयारण्याच्या आतल्या-कडच्या गावांना सांगितलं जातं की इथं वनहक्क लागू नाही. लागू आहे. कायद्यातल्या वनजमिनीत अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही येतात. गाव हलवायचं असलं तर आधी हक्क मान्य करायचे, माणसांच्या असण्यानं प्राण्यांचं भरून न येणारं नुकसान होतं हे दाखवायचं, सोबत राहायचा दुसरा मार्ग नाही हे दाखवायचं आणि ग्रामसभेची लेखी संमती घ्यायची, मगच. आणि वाघाचं म्हणाल तर यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ २०१९ ला निघाला तो तेलंगणा, नांदेड, हिंगोली करत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला, २०२१ ला एक गौताळा अभयारण्यात दिसला. ह्या वाटेवर अभयारण्यं किती आणि शेतं, नाले, गावांची पडीक रानं किती ते बघा. मराठवाड्यात जंगलच जेमतेम, वाघ चालतो तो लोकांच्या शिवारातून. त्या लोकांना अतिक्रमणदार म्हणून दुखवून वाघ कसा वाचवणार हे मला तरी कळालं नाही.

खाली बीड, धाराशिव, जालन्याकडचे लोक वाचत असतील त्यांच्यासाठी एवढंच की तुमचा प्रश्न बहुतेक गायरानाचा आहे, आणि गायरान महसूलची जमीन, वनहक्काचा नमुना तिथं चालत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासूनची ती वेगळी लढाई, तिला २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या ताब्याची मुदत लागते, आणि २०११ नंतर गायरान खाजगी कामाला द्यायचंच नाही असं धोरण आहे. सातबारावर कब्जेदार म्हणून काय लिहिलंय ते आधी बघा, वन का सरकार. पारधी वस्त्यांची निम्मी फसगत इथंच होते, जमीन वनखात्याची असते आणि अर्ज गायरानाचा भरलेला. अजून एक, ३३ कोटी झाडांच्या मोहिमेत कित्येक गायरानांवर खड्डे घेऊन गिरीपुष्प लावलं. गवताळ रानात गिरीपुष्प लावून हरणाचं पण भलं नाही आणि शेळीचं पण नाही, बालाघाटात त्यापेक्षा सीताफळ आणि गवत राखलं असतं तर दोघांचं पोट भरलं असतं. असो.

आता तुम्ही जे शेवटी विचारलंय, नवीन झाडं पाडून कापूस लावलेल्यांचं. ह्यावर आमच्यातलेच बरेच जण गप्प बसतात. मी बसणार नाही. २००५ नंतर तोडलेल्या रानाला ह्या कायद्यात हक्क नाही, आणि त्याचा दावा भरून देऊ नका, मागची तारीख टाकून तर नकोच. एक खोटा दावा सापडला की वरच्या समितीत तुमच्या गावातले खरे वीस पण संशयात जातात. आणि हे नवीन तोडणारे सगळे गरीब नसतात. चोरबीटी, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या कापसाचं बेकायदा बियाणं, आणि तणनाशक आल्यापासून निंदणीला बाया लागत नाहीत, एक माणूस ट्रॅक्टर घेऊन पाहिजे तेवढं रान काढतो, मग गावात आधीच पंधरा एकर असलेला पण जंगलात पाय पसरतो आणि नाव मात्र गरीब आदिवासीचं पुढं करतो. अशाला ग्रामसभेत नावानिशी थांबवा, ठराव लिहा, प्रत रेंजरला आणि उपविभागीय समितीला द्या. ज्याला खरंच जमीन नाही, ज्यानं दोन एकर पोटासाठी काढलंय, त्याला एकदम उठवलं तर तो दुसऱ्या टेकडीला जाणार. त्याला सामूहिक जंगलातल्या कामात पहिला हक्क द्या, राखणीची मजुरी, चारोळी-डिंकाचा वाटा, आणि त्या बदल्यात ते रान सोडवून घ्या. पाडलेल्या सागाचे खुंट जळाले नसतील तर त्यांना फुटवे येतात, गुरांपासून दोन-तीन वर्षं राखलं आणि एका खुंटावर एकच जोमदार फुटवा ठेवला की नवीन रोपं लावायची गरज पडत नाही.

सुप्रीम कोर्टाच्या नावानं भीती घालतात ते पण क्लिअर करतो. १३ फेब्रुवारी २०१९ ला नामंजूर दावेदारांना काढायचा आदेश झाला होता, २८ फेब्रुवारीला त्याच कोर्टानं त्याला स्थगिती दिली आणि नामंजूर दावे कसे नामंजूर केले ते राज्यांना तपासायला लावलं. दाव्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत ताब्यातून काढता येत नाही हे कायद्यातच आहे.

तुमच्या गावात पहिलं काम हे करा. ज्यांचे दावे नामंजूर म्हणतात त्यांच्याकडून नामंजुरीचं पत्र मागा. बहुतेकांकडं पत्रच नसणार, कुणीतरी तोंडी सांगितलेलं असणार. कारणासहित लेखी कळवणं बंधनकारक आहे, कळाल्यापासून अपिलाला ६० दिवस असतात, पत्रच दिलं नसेल तर ते दिवस सुरूच कुठं झाले हा तुमचा अपिलातला पहिला मुद्दा. तुमचं गाव पाचव्या अनुसूचीच्या यादीत असंल तर जिल्हा समितीच्या वर पण अपील आहे, २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं विभागीय समिती झालीय. गाव यादीत आहे का ते किनवटच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात कळंल. सगळी पत्रं, दंडाच्या पावत्या आणि गावाचा जुना नकाशा एकत्र केला की मग पोडाचे आणि तांड्याचे दोन-दोन जण बसवून सामूहिक हद्दीचा दिवस ठरवा, होळीनंतर, पानगळ झालेली असते आणि नाले-टेकड्या लांबून दिसतात.